सर्व्हिसचं एस्टिमेट दुप्पट आलंय, गाडीचं काय काय आपलं आपण घरी चेक करता येतं? (पुणे)

वारजेकर_मुक्ता:

नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, वॉरंटी कधीच संपलीय. वारजे ते हिंजवडी जाणंयेणं, मधेमधे वर्क फ्रॉम होम, आणि अधूनमधून सासरी साताऱ्याला. यावेळी सर्व्हिसला टाकली तर ऑइल, ऑइल फिल्टर हे नेहमीचं सोडून एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, फ्युएल सिस्टिम क्लिनिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, आणि वर ब्रेक पॅड "लवकरच जातील", बॅटरी "वीक आहे" असं सगळं जोडून आकडा नेहमीच्या जवळजवळ दुप्पट केला होता. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, तो विषय नाहीये. मी फक्त ऑइल आणि फिल्टर करून गाडी घरी आणली, पण तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे की पॅड खरंच संपले असतील तर? घाटात गाडी नेते मी, मागे मुलं असतात. मला काही कळत नाही म्हणून मी धड हो म्हणू शकत नाही आणि धड नाही पण म्हणू शकत नाही.

तर प्रश्न असा की सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून, पाने-बिने न घेता, काय काय बघता येतं? मला मेकॅनिक व्हायचं नाहीये, फक्त समोरचा सांगतोय ते खरं आहे का एवढं कळलं तरी खूप आहे.

---

कर्वेनगर_पेट्रोलहेड:

ताई, एस्टिमेटमधल्या एकेका आयटमवर गॅरेजवाले बोलतीलच, मी महिन्यातून एकदा रविवारी सकाळी करायचं ते सांगतो. लागतं काय तर एक जुनं फडकं, मोबाइलचा टॉर्च आणि टायरचं प्रेशर गेज. गेज मात्र स्वतःचं घ्याच, पंपावरच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

आधी हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर नाहीतर दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर कमी माणसं असताना किती आणि फुल लोडला किती ते लिहिलेलं असतं, पुढचा मागचा आकडा वेगळा पण असू शकतो. तोच आकडा पाठ करायचा. टायरवर जो मॅक्स लिहिलेला असतो तो भरायचा आकडा नाही, ती टायरची शेवटची मर्यादा आहे. पंपावर "किती मारू" विचारल्यावर आपण गप्प बसलो तर तो आपल्या सवयीने ३५ मारून मोकळा होतो. आणि मोजायची टायर थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी. हवामान दहा डिग्रीने बदललं की दीडदोन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक पडतो, त्यामुळे मे महिन्यात बरोबर असलेली हवा डिसेंबरच्या सकाळी कमी दिसली तर लगेच पंक्चर समजू नका, आणि तसंही काही न होता महिन्याला एखादा पीएसआय जातोच. पण एकच टायर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त उतरत असेल तर तिथे खिळा आहे नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले की उत्तर मिळालं. स्टेपनीची हवा पण त्याच वेळी बघा, ती नेमकी खंबाटकीत लागते.

हवा बघताना टायरवरून हात फिरवा. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त असते, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, आणि एकाच बाजूची कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) गेलंय. हे एकदा बघता यायला लागलं की अलाइनमेंट खरंच हवंय की उगाच सांगतायत ते आपल्याला कळतं. खाचांच्या आत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या लेव्हलला आला की १.६ मिमी राहिले, कायद्याने पण टायर संपला. मी तर पावसाळ्याच्या आधी त्याच्या बऱ्याच वरच बदलतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर फरक कळतो. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नवीन टायर घेताना ती वाचूनच पैसे द्या.

दुसरं, ऑइलची पट्टी म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागी हवी, तुमचं पार्किंग रॅम्पवर असेल तर बाहेर काढा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पट्टी ओढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा, आणि आता वाचा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर तेल वरपर्यंत फासलेलं असतं, ते रीडिंग खरं नाही. तेल दोन खुणांच्या मधे कुठेही असलं तरी चालतं, अगदी वरच्या खुणेलाच पाहिजे असं काही नाही आणि वरच्या खुणेच्या वर तर बिलकुल नको, जास्त झालं की फेस होतो. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, इंजिनातली घाण उचलणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं कधी तर ते चहासारखं दुधाळ दिसलं तर, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, मग गाडी चालवू नका. (तेल भरायच्या झाकणाखाली थोडीशी साय दिसली आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल तर ती बहुतेक वाफ असते, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत होतं.) तेल कुठल्या खुणेपर्यंत आहे ते लिहून ठेवा. दर महिन्याला लेव्हल उतरत असेल तर इंजिन ऑइल खातंय नाहीतर गळतंय, आणि ते ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागायच्या आधी कळलं तर लिटरभर तेलात भागतं, नंतर कळलं तर इंजिन उघडावं लागतं.

कूलंटची बाटली बाहेरूनच दिसते, मिन आणि मॅक्सच्या मधे हवं. इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

---

भोसरी_गॅरेजवाला:

मुक्ताताई, मी गॅरेज चालवतो, त्यामुळे आमच्याच लोकांविरुद्ध बोलतोय असं कोणाला वाटलं तरी चालेल.

इंजिन फ्लश, तुमचं ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर गरज नाही. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत तर उलट भीती असते, सुटलेला चिखल खालच्या जाळीत जाऊन अडकतो आणि ऑइल वर चढत नाही. फ्युएल सिस्टिम क्लिनिंग, गाडी मिस करत नसेल, पिकअप ठीक असेल, ॲव्हरेज पडलं नसेल तर कशाला. थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणारी झडप) काम खरं असतं पण लक्षण असेल तर, म्हणजे सिग्नलला उभं असताना आरपीएम वरखाली होतोय किंवा गाडी आपोआप बंद पडतेय. अंडरबॉडी कोटिंग कोकणात राहणाऱ्याने करावं, खाऱ्या हवेत पत्रा खातो, पुण्यात राहून दरवर्षी करायचं कारण मला दिसत नाही.

एसी डिसइन्फेक्शन, वास येतोय का? नसेल येत तर सोडा. येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. ग्लव्हबॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे प्लॅस्टिकचं आडवं झाकण दिसेल, ते काढलं की फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर येतो. त्यावर बाण असतो, हवेची दिशा, काढतानाच फोटो काढून ठेवा म्हणजे नवीन उलटा बसणार नाही. मेट्रोची, रस्त्याची कामं चालू असलेल्या भागातून ज्या गाड्या येतात त्यांच्या फिल्टरमधून सुकी पानं, केस आणि काळी धूळ निघते, आणि गिऱ्हाईक म्हणतं एसी गार करत नाही, गॅस भरा. गॅस पूर्ण असतो, हवाच येत नसते. अजून एक, घरी पोचायच्या दोनतीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवत जा, आतला ओलावा सुकतो, वासच धरत नाही.

आता ब्रेक पॅड. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, बाहेर या, चाकाच्या मागच्या बाजूने टॉर्च मारा. चकाकणारी थाळी दिसेल ती डिस्क, तिला धरून बसलेला कॅलिपर, आणि दोघांच्या मधे पॅड. लोखंडी पट्टीला चिकटलेला करडा-काळा मसाला मोजायचा, लोखंड धरायचं नाही. नवा साधारण १० मिमी असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. बाहेरचा आणि आतला दोन्ही बघा, आतला बरेचदा लवकर संपतो. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर लायनर (ड्रमच्या ब्रेकचा मसाला) असे दिसत नाहीत, ते खोलूनच बघावे लागतात.

आणि बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजतात तसं ब्रेक ऑइल हळूहळू खाली येतं, त्यामुळे लेव्हल मिनच्या जवळ आली असेल तर ती पॅडचीच बातमी असू शकते, वरून ओतून मोकळं व्हायचं नाही. लेव्हल एकदम पडली तर लीक आहे, गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग घाटात गरम झालं की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम मऊ लागतं. दोन वर्षांनी बदलायला सांगितलं तर ते खर्च वाचवायचं ठिकाण नाही, ते करा.

---

वारजेकर_मुक्ता:

बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार दोघांचे. आत्ता खाली जाऊन पॅड बघितले, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक दिसतोय, आतला नीट दिसला नाही. बॅटरीचं कसं कळेल? आणि पंपावर नायट्रोजन भरून घ्या म्हणतात त्यात काही अर्थ आहे का?

---

कर्वेनगर_पेट्रोलहेड:

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे ताई. फायदा आहे पण इतका बारीक की दर महिन्याला गेज लावणाऱ्याला त्याची गरज नाही. पंपावर साधी हवा फुकट देणं त्यांना बंधनकारक आहे, तीच भरा.

बॅटरीसाठी सकाळी पहिला सेल्फ मारताना कान द्या. गर्रर्र करून पटकन लागली तर ठीक, कुथत कुथत लागली किंवा सेल्फ मारताना आतला दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरलीय. साधा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं, तेवढं दिसत नसेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) असू शकतो, आणि मग नवीन बॅटरी टाकून पण गाडी परत बंद पडते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर तेवढ्यानेच सेल्फ अडतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, सुकल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. टर्मिनल सोडवायचं असेल तर आधी मायनस सोडवायचं आणि लावताना मायनस शेवटी.

---

हडपसर_सीएनजी:

माझ्या टुरिस्टच्या गाड्या आहेत, सगळ्या सीएनजी. वरचं सगळं बरोबर आहे पण पुण्यात सगळ्यात जास्त पैसा कुठे जातो तर क्लच प्लेटमध्ये आणि त्यावर कोणी बोललंच नाही. चांदणी चौकाच्या चढाला, हिंजवडीच्या जॅममध्ये लोक हाफ क्लचवर गाडी धरून उभे राहतात, पाय क्लचवर ठेवूनच चालवतात, आणि मग म्हणतात क्लच लवकर गेला. चढावर हँडब्रेक लावायचा, न्यूट्रल करायची, पाय काढायचा. क्लच संपत आलाय का ते बघायचं तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम चढला आणि गाडी त्या मानाने पुढे गेलीच नाही तर प्लेट सरकतेय.

मॅडम तुम्ही साताऱ्याहून येता तर नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथे पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल टाकू नका. आमचे नवीन ड्रायव्हर हे करायचे, मी बंद केलं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. म्हणजे वाचत तर काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर, ते तापतात. या उतारावर किती अपघात झालेत ते पुण्यात सगळ्यांना माहितीय. तिसऱ्यात टाका, इंजिन धरतं गाडीला.

सीएनजीवाल्यांसाठी: स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर पेट्रोलपेक्षा लवकर बघायचे, टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने तसंच पडू द्यायचं नाही, थोडं चालवायचं, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) चुकवायची नाही.

---

सिंहगडरोड_आनंदनगर:

पावसाळ्याचं माझ्याकडून. जुलै २०२४ ला आमच्या इथे एकतानगरीत नदीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांना लोक पाणी ओसरल्या ओसरल्या सेल्फ मारत होते. कळकळीने सांगते, तसं करू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, रॉड वाकतो, आणि साफसफाईवर भागणारी गाडी इंजिनच्या खर्चात जाते. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, इन्शुरन्सला फोन करा, टोइंगने न्या. साध्या पॉलिसीत पाण्याने इंजिन गेल्याचा खर्च बरेचदा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं, नदीकाठी किंवा बेसमेंटला गाडी लावणाऱ्यांनी रिन्यू करताना तेवढं विचारा.

दुसरं उंदीर. आठवड्यातून एकदा नुसतं बोनेट उघडून टॉर्च मारत जा. लेंड्या, कुरतडलेला फोम, शेंगांची टरफलं दिसली की समजायचं मुक्काम सुरू झालाय, वायरिंग कुरतडायच्या आधी हुसकावता येतात. उभी गाडी त्यांना आवडते, घरून कामाच्या दिवशी पण एक चक्कर मारून आणा.

वायपर मे महिन्यातच बघा. काच पुसल्यावर रेघा राहत असतील तर आधी रबर ओल्या फडक्याने पुसा, तरी राहिल्या तर बदला, आख्खा आर्म लागत नाही, नुसतं ब्लेड मिळतं आणि कुणालाही बसवता येतं. ब्रेकलाइट बघायला माणूस लागत नाही, पार्किंगच्या भिंतीला पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा, आरशात भिंतीवर दोन लाल डाग दिसतात का बघा.

---

सदाशिव_जोशीकाका:

मुक्ता, सगळ्यांनी उत्तम सांगितलंय, मी फक्त वहीचं सांगतो. गाडीत एक छोटी वही ठेव. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथपर्यंत) फुल कर, किलोमीटर लिही, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत पहिल्या कटऑफपर्यंत भर आणि झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजपेक्षा हे खरं असतं. एका वेळच्या आकड्यावरून काही ठरवू नये, जॅममध्ये अडकलेला आठवडा आणि हायवेचा आठवडा वेगळाच येणार. पण तीनचार वेळा सलग घसरला तर काहीतरी आहे, आणि तेव्हा आधी टायरची हवा आणि चाक जाम होतंय का ते बघ. थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ नुसता हात ने, स्पर्श नको, एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक सुटत नाहीये. एअर फिल्टरला लोक दोष देतात, पण इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला की ॲव्हरेजपेक्षा पिकअप आधी जातो, कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोल पण कमी करतो. फिल्टर काढून हलकेच आपट, धूळ पडते, हवा मारायची तर आतून बाहेर मारायची.

---

कर्वेनगर_पेट्रोलहेड:

काकांशी सहमत, फक्त फिल्टरला हवा मारण्याबद्दल नाही. पंपावरच्या जोरात कागद फाटतो आणि ती बारीक चीर दिसत नाही, मग धूळ सरळ इंजिनात. आपटून झटकणं पुरेसं आहे, फारच काळा झाला असेल तर नवीन टाकावा, काही शे रुपयांची वस्तू आहे. नाना पेठेत पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की मिळतो, जुना सोबत न्या म्हणजे साइज जुळवता येते.

---

वारजेकर_मुक्ता:

वही आजच ठेवते काका. शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरला नेमकं बोलू काय? समोर उभं राहिलं की ते इतक्या भराभर बोलतात की आपण सही करून मोकळे होतो.

---

भोसरी_गॅरेजवाला:

गाडी देतानाच जॉब कार्डवर आपल्या हाताने लिहा की "फोन करून विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये" आणि त्याचा फोटो काढा. मॅन्युअलमध्ये तितक्या किलोमीटरला काय करायचं त्याचा तक्ता असतो, तो उघडूनच न्या, एस्टिमेटमधलं जे त्या तक्त्यात नाही त्याला "कशासाठी" विचारा. लक्षण सांगता आलं नाही तर ते काम करायचं नाही. ऑइलचा ग्रेड पण मॅन्युअलमधलाच, महागडा म्हणजे चांगला असं नसतं. पॅड संपले म्हणाले तर चाक काढल्यावर बोलवा म्हणावं, मिमीमध्ये किती राहिले ते दाखवा. बॅटरी वीक म्हणाले तर टेस्टरची प्रिंट मागा, मशीनमधून कागद निघतो, त्यावर व्होल्टेज आणि सीसीए (सेल्फ मारायची बॅटरीची ताकद) लिहिलेलं असतं. बॅटरीचं वॉरंटी कार्ड शोधून ठेवा, मुदतीत असेल तर बदलून मिळते नाहीतर काही टक्के तरी कमी होतात. बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवून द्यायला सांगा, ते तुमचेच असतात. आणि तुम्हाला आतला पॅड दिसला नाही म्हणालात ना, साताऱ्याला जायच्या आधी टायरवाल्याकडे रोटेशनला (टायरच्या जागा आपसात बदलायला) जा, चाक तसंही निघतं, तेव्हा दोन्ही बाजूंचे आतले पॅड स्वतः बघून घ्या, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.